डिशवरचा कावळा

नथूकाकांचं बोलणं म्हणजे एरंडेलाचा डोस. नंदाखाल गावातली केळीची वाडी त्यांनी एकट्यानं उभी केली आणि गावात टोमणा मारल्याशिवाय एकालाही सोडलं नाही. अर्धांगवायूनं खाटेला खिळल्यावर हात थांबले, तोंड नाही. त्यांच्या विरंगुळ्यासाठी एकुलत्या मुलानं, हरेशनं, ओटीच्या पत्र्यावर टीव्हीची डिश बसवली. पुढच्याच वर्षी हायवेवर बाईकच्या अपघातात हरेश गेला.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. आईबापाला बघू, वाडी राखू, सगळे शब्द देऊन झाले. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. हरेशच्या आईच्या, कृष्णाकाकूंच्या मनाला ते लागून राहिलं. दुसऱ्या सकाळी डिशच्या दांडीवर एक कावळा येऊन बसला, आणि तेव्हापासून त्या जेवणातला पहिला घास त्याला ठेवू लागल्या. काका खाटेवरून म्हणायचे, "कावळा तो कावळा. त्याला कोन आई नि कोन बाप?" शेजारच्या घरातून ते ऐकताना मला त्यांचा भारी राग यायचा.

यंदा टीव्ही बिघडला. चित्राचे चौकोन व्हायचे, आवाज तुटायचा, मग नुसती 'सिग्नल नाही'ची पाटी. काका आधी शिव्या देत, मग तेही बंद झालं. त्या गप्प बसण्यानं काकू घाबरल्या.

बोळिंजहून कल्पेश मेकॅनिक आला. त्यानं बॉक्स पाहिला, वायर पाहिली, मग शिडी लावून वर गेला. "काकी, इथे रोज कावळा बसतो ना? दांडी वाकलीय. पुढचा सिग्नल पकडायचा डबा फिरलाय, वायर टोचून सोललीय. मी सरळ करतो, पण तो बसला की परत तेच होणार. काटेरी तार लावू?"

"घास दुसरीकडं ठेवला तर?"

"बसणार तो उंचावरच."

शिडी धरलेल्या काकूंनी वर दांडीकडे पाहिलं, मग आत खाटेकडे. खाटेवरच्या माणसाला तेवढा टीव्हीच उरला होता. "लाव," त्या म्हणाल्या.

दोन दिवसांनी मी केळफूल द्यायला गेले. चित्र अगदी स्वच्छ दिसत होतं. काकू घास ठेवून पायरीवर बसल्या होत्या. काकांनी टीव्हीचा आवाज बंद केला होता.

"आला काय गो?" त्यांनी काकूंना विचारलं.

"नाय."

"कालपन नाय?"

"नाय."

"कल्पेशला बोलव. तार काढ म्हनावं."

"मंग टीव्ही?"

"टीव्हीत माजं कोन हाय?"

आणि हरेशच्या प्रेतापुढे डोळ्यांत टिपूसही न आणलेला तो माणूस चांगल्या हातानं तोंड झाकून रडू लागला. काकू उठून त्यांच्याजवळ गेल्या. मला तिथं उभं राहवेना.

तार त्याच दिवशी निघाली. कावळा अजून आलेला नाही. काकू रोज घास ठेवतात, आणि आतून काका रोज विचारतात.