गच्चीतल्या मिरच्या आणि न उचललेला फोन

मंडळी, आत्ताच घडलंय, म्हणून लगेच लिहायला घेतलं.

आमच्याकडे उन्हाळा म्हणजे वर्षभराचा मालवणी मसाला. सकाळी जुन्या साडीवर मिरच्या पसरून मालाडच्या आमच्या गच्चीत वाळत घातल्या आणि मी मरोळला ऑफिसला गेले. दुपारी खिडकीबाहेर बघते तर आभाळ काळंकुट्ट! वाट लागली ना!

घरी सासूबाई एकट्या. फोन केला, उचलला नाही. परत केला, तरी नाही. आमची लिफ्ट गच्चीपर्यंत जात नाही आणि आईंचे गुडघे दुखरे. मिरच्यांचं टेन्शन गेलं, आईंचं सुरू झालं. हाफ डे टाकला, रिक्षा पकडली. रस्ताभर डोळ्यांसमोर तो गच्चीचा जिना.

घरात शिरले तर सगळ्या मिरच्या माझ्या बेडवर, आणि आई दोन्ही हात वर धरून सोफ्यावर.

"आई, फोन का नाही उचललात?"

"अगो, हात तिखटाचे! फोनला लागलं असतं, मग डोळ्यांना."

"पण वर गेलात कशा?"

"गेले हळूहळू. येताना गाठोडं पुढे, मी मागे. पायरी-पायरीवर बसत उतरले."

रागवायला तोंड उघडलं तर मला शिंकच आली. मग दोघी शिंकत बसलो. पाऊस? एक थेंब नाही!

मी म्हटलं, "पुढच्या वर्षी मसाला विकत आणू."

तर म्हणतात, "नको. पुढच्या वर्षी तू घरी थांब, मी ऑफिसात बसून काळजी करते."