ताण्याची खुंटी

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. तशी मी तिला पोटातली प्रत्येक गोष्ट सांगतो, नको तेवढी सांगतो — पण ही गोष्ट जिभेवर आली की मी पाणी पितो आणि दुसरंच काहीतरी बोलायला लागतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही नरसूला ओळखत नाही. बघा, सुरुवातच अशी. अजूनही सोय पाहूनच बोलतोय.

नरसू, म्हणजे नरसय्या, माझा शाळेपासूनचा मित्र. तो विणकराच्या घरातला, घरात तेलुगू. मी किराणा दुकानदाराचा, आमच्याकडे कानडी. मैत्री झाली ती मराठीत. सत्तरचं दशक होतं, सोलापुरात गिरण्यांचे भोंगे अजून वाजत होते आणि मी बी.कॉम. होऊन वडिलांच्या दुकानात शेंगदाणे तोलत होतो. मला काहीतरी जगावेगळं करायचं होतं. काय ते मला ठाऊक नव्हतं — एका बंगल्यातल्या डॉक्टरीणबाईंचा कुत्रा पाहीपर्यंत.

अल्सेशियन, वासराएवढा. त्याला फिरवायला एक गडी होता. गल्लीतली कुत्री अंगावर आली की गडी आणि अल्सेशियन दोघंही शेपूट घालून घरी पळत. मनात आलं, अशा बंगल्यातल्या कुत्र्यांना मोकळं पळायला कुंपणाचं मैदान दिलं तर? आपणच घरून आणायचे, तासभर सोडायचे, परत पोचवायचे. वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले, "माणसाला बसायला जागा न्हाय, आन् हे निघालं कुत्र्याला बाग काढायला." चार दिवस दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी ते ऐकवलं.

नरसू मात्र हसला नाही. त्यानंच मैदान मिळवून दिलं. त्यांच्या गल्लीच्या टोकाला बांबूचं कुंपण घातलेली मोकळी जागा होती. सकाळी तिथे विणकर सुताचा लांबलचक ताणा ताणून त्याला खळ लावत आणि उन्हात वाळवत. संध्याकाळी जागा रिकामी. कुणाचा ताणा कुठल्या दिवशी लागायचा, ही पाळी नरसूचे थोरले चुलते ठरवत. सगळी गल्ली त्यांना पेदनान्ना म्हणे. त्यांच्यामागे ते काम नरसूकडे यायचं होतं आणि नरसूला त्याचा केवढा अभिमान — गल्लीचा शब्द आपल्या हाती असणार म्हणून. पेदनान्नांनी होकार दिला, पण एका अटीवर, आणि त्या अटीला नरसू जामीन राहिला. मला त्यानं दोनदा बजावलं, "शिवा, उन्हं उतरल्याबिगर कुत्रं आत न्हाय. माझा शब्द गेलाय."

कळलं होतं मला. हे मुद्दाम सांगतो.

काम छान चाललं. संध्याकाळी पाच-सहा कुत्री धुळीत लोळत, गल्लीतली माणसं कुंपणाला टेकून गंमत बघत, पेदनान्नासुद्धा खुर्ची टाकून बसत. मग एका सकाळी डॉक्टरीणबाईंनी निरोप पाठवला — कुत्रा फार अस्वस्थ आहे, आत्ताच नेता का? त्यांच्या मैत्रिणींकडेही कुत्री होती. मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो. नरसूला विचारावं, असं मनात आलं नाही का? आलं. तो नाही म्हणेल, हेही लगेच आलं. म्हणून विचारलं नाही.

मैदानात पेदनान्नांचाच ताणा लागलेला. नुकतीच खळ लावून माणसं न्याहरीला गेली होती. मी म्हटलं, कडेकडेनं फिरवू, कुणाला कळतंय. कुत्र्याला धाप लागली तसा मी पाणी आणायला निघालो आणि साखळी एका खुंटीला बांधली. आमच्या दुकानामागे शेळीसाठी होती तशीच ती खुंटी. ताणा तिच्याच जोरावर ओढून धरलेला असतो, हे विणकराच्या पोराला चालायच्या आधी कळतं. मला कुठून कळणार?

कुंपणापलीकडून मांजर गेलं. कुत्र्यानं हिसका दिला, खुंटी उपटली आणि सगळा ओला ताणा मातीत कोसळला. वर कुत्रा त्यातूनच पळाला, खुंटी ओढत. खळीला माती लागली की ते सूत गेलंच. माणसं धावत आली. पेदनान्ना खाली बसले, दोन धागे बोटांत धरून पाहिले आणि मला कळावं म्हणून मराठीत विचारलं, "सकाळी कुत्रं आनायला कुनी सांगितलं?"

त्याच वेळी नरसू खळीचं भांडं घेऊन फाटकातून आत येत होता. मी त्याला पाहिलं. आणि तरी बोललो — की पाहिलं म्हणूनच बोललो?

"नरसू म्हणाला, चालतंय म्हणून."

नरसूनं भांडं खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, ओळख पटवून घ्यावी तसं. मग चुलत्यांना म्हणाला, "व्हय. मीच सांगितलं."

का म्हणाला? मला सांभाळायला? की मी पुढच्या क्षणी खरं बोलेन, एवढा वेळ त्यानं मला दिला? तो वेळ मी घालवला. गल्लीनं मला धक्काही लावला नाही.

कुत्र्यांचं मैदान त्याच दिवशी बंद झालं. त्याचं मला काही नाही. पण पाळी ठरवण्याचं काम पुढे धाकट्या चुलतभावाकडे गेलं. ज्याला येळ राखता येत न्हाय त्याच्या हाती मैदान कसं द्यावं, असं पेदनान्ना म्हणाल्याचं कानावर आलं. नरसू जन्मभर स्वतःच्या ताण्याची पाळी त्या भावाला विचारत राहिला.

तुम्हाला वाटेल, गुन्हा तो एवढाच. मलाही बरीच वर्षं तसंच सांगायचं होतं, कारण ते वाक्य तरी भीतीनं तोंडातून गेलं होतं. पण काही महिन्यांनी मी पेदनान्नांना भेटायला गेलो होतो. शांत दुपार होती, कुणाची भीती नव्हती. त्यांनी मला जवळ बसवलं, चहा दिला, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "पोरा, तू लई साधा हायस. मित्र बघून करावा मानसानं."

मी मान हलवली. होय म्हणून.

नरसू बाहेर ओट्यावर रहाट फिरवत सुताच्या कांड्या भरत बसला होता. दार उघडं होतं, आणि त्याचा रहाट थांबला होता.