‘समजलं?’

माझ्या थोरल्या साडूंइतका रागीट माणूस रत्नागिरीत दुसरा नव्हता, आणि त्यांचा बहुतेक राग एकाच शब्दावर होता. तो शब्द म्हणजे ‘समजलं?’ ऐंशीच्या दशकात ते बी.एड.च्या विद्यार्थ्यांना जीवशास्त्र कसं शिकवावं हे शिकवत. डॉक्टर म्हणाले, ‘गोळी जेवणानंतर, समजलं?’ की हे म्हणत, ‘नाही. हात धुण्याआधी की नंतर?’ बाजारातून काय आणायचं ते सांगताना मेव्हणीच्या तोंडून हा शब्द निसटला, तर पिशवी पुन्हा खुंटीवर जाई आणि त्या दिवशी घरात मासे येत नसत.

रागाला कारण होतं. दरवर्षी नव्या तुकडीला ते एक प्रश्नावली देत. मूल कसं शिकतं, याबद्दल या भावी शिक्षकांच्या समजुती काय आहेत, ते त्यांना मोजायचं होतं. ‘मूल स्वतः विचार करून शिकते’ या विधानापुढे सगळे ‘पूर्ण सहमत’वर खूण करत. मग हेच सगळे शाळेत सराव पाठ घ्यायला गेले की पुस्तकातला उतारा वाचून दाखवत आणि विचारत, ‘समजलं?’ मुलं ‘होऽऽ’ म्हणत. मागच्या बाकावरून साडू गरजत, ‘कुणाला समजलं? काय समजलं?’ ‘कागदावर साधुसंत, फळ्यापुढे फौजदार!’ असं म्हणत ते घरी येत आणि समोरचा चहा गार होईपर्यंत चिडत.

एका वर्षी मिरकरवाड्याच्या एका मुलीने ‘सांगता येत नाही’वर खूण केली. म्हणाली, ‘सर, मी अजून कुणाला शिकवलंच नाही. कसं सांगू?’ साडू आठवडाभर कुणावर ओरडले नाहीत. राजापूरच्या एका शाळेत तिची नोकरी ठरली होती. फक्त पास व्हायचं बाकी होतं.

परीक्षेच्या पाठात तिने आठवीला विचारलं, ‘झाड माती खात असेल, तर आंब्याचं कलम एवढं वाढलं तरी खालची माती कमी का झाली नाही?’ वर्गात एकच गलका झाला. ‘बाई, खत घालताव ना आमी!’ ‘मग रानातल्या झाडाला कोण घालतो रे?’ घंटा झाली तरी भांडण चालूच. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, ‘वर्गावर ताबा नाही. मुलांना समजलं का, हे एकदाही विचारलं नाही.’

साडू उठले. ‘आपल्याला समजलेलं नाही, हे या मुलांना समजलं! तुमच्या बाबतीत असं कधी झालंय?’

मुलगी नापास झाली, आणि नोकरी दुसऱ्या कुणाला मिळाली. दोघांकडूनही मी हे ऐकलं. फरक एवढाच की नोकरी गेल्याचं साडूंनी सांगितलं नाही, तिने सांगितलं.

पुढच्या वर्षी ती पुन्हा परीक्षेला बसली. मी शाळेच्या व्हरांड्यात साडूंची वाट पाहत होतो. आतून दर थोड्या वेळाने ‘समजलं?’ आणि ‘होऽऽ’ ऐकू येत होतं. मागच्या बाकावरून आवाज नव्हता. परीक्षक खूश होऊन गेले. ती बाहेर आली आणि हळूच म्हणाली, ‘सर, रागावू नका. सोमवारी हाच वर्ग पुन्हा मागून घेतलाय. मातीचं विचारायचं राहिलंय.’

साडू आणि मी स्टँडपर्यंत चालत गेलो. राजापूरच्या गाडीपाशी कंडक्टर एका म्हातारीला ओरडून सांगत होता, ‘पुढची गाडी, आजी, पुढची! समजलं?’ साडू थांबले, त्याच्याकडे पाहिलं आणि काही न बोलता पुढे गेले. मला ते बरं वाटलं नाही.