तोंडात पाणी धरणारे आबा

माझ्या सासऱ्यांना घरात सगळे आबा म्हणत. शेळगावात आमच्या वस्तीवर ख्रिस्ती घर एकटंच, पण ते ओळखलं जायचं आबांच्या शिव्यांवरून. रविवारी बारामतीच्या चर्चमध्ये सगळ्यांत मोठ्या आवाजात गाणारा हा माणूस सोमवारी सकाळी बैलापासून सुनेपर्यंत कुणालाच सोडत नसे. सासूबाईंनी जन्मभर ते ऐकून घेतलं. त्या गेल्या, आणि काही महिन्यांनी आबा एकाएकी गप्प झाले.

मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. आमटी खारट झाली तरी ताट सरकवलं नाही, विहिरीवरची मोटार बंद पडली तरी कुणाचा बाप काढला नाही. असा माणूस गोड वागायला लागला की त्याला काहीतरी हवं असतं. मी नवऱ्याला म्हटलं, "जमीन तुमच्या बहिणीच्या नावावर करायचा बेत दिसतोय."

"थकलंय म्हातारं," तो म्हणाला. "तुला सगळीकडं काळंबेरंच दिसतं."

पण मी पाहत होते. बोलता बोलता आबांचा चेहरा लाल व्हायचा, ते तटकन उठायचे आणि घरामागं जायचे. परत येताना उपरण्यानं तोंड पुसत यायचे. दारू, दुसरं काय? ते रानात गेल्यावर मी सरपणाचा ढीग उपसून बाटली शोधली. मिळाली नाही. म्हणजे हुशारीनं लपवली असणार.

एका दुपारी मी मागोमाग गेले. आबा रांजणाजवळ उभे होते, डोळे मिटलेले, गाल फुगलेले. माझी चाहूल लागताच त्यांनी हातानंच 'थांब' म्हटलं आणि बऱ्याच वेळानं शेवग्याच्या बुंध्याशी चूळ टाकली.

"पाणी हाय," ते म्हणाले. "तोंडात पाणी असलं की शिवी भायेर येत न्हाय."

"हे कुणी शिकवलं?"

"कुणी न्हाय. चर्चमधी पाळकांनी जिभेवर उपदेश केला, तवा सुचलं."

"मग प्रार्थना करायची. पाणी कशाला?"

"ती तर रोज सकाळी करतोच. पण बैलाला नुसतं सांगून भागत न्हाय, कासरा धरावा लागतो."

हे सोंग किती दिवस टिकतंय ते बघू, एवढंच मनात आलं.

फार वाट पाहावी लागली नाही. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरखाली आमच्या उसाची पाइपलाइन फुटली. पाणी चहूकडं उडत होतं, पण त्यातलं घोटभर तोंडात घ्यायचं आबांना सुचलं नाही. त्यांनी शेजाऱ्याच्या वारलेल्या आईपासूनच सुरुवात केली. बांधावर उभी राहून मी मनाशी म्हटलं, आले मूळपदावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा धुतलेले कपडे घालून दारात उभे. "चल, शेजाऱ्याकडं जायचंय."

"मी कशाला?"

"तू माझ्यावर नजर ठिवून असतीस. तूच साक्षीला बरी."

शेजारी अंगणात जनावरांना वैरण टाकत होता. त्याच्या सुनांदेखत आबांनी हात जोडले. "काल तुझ्या आईवरनं बोललो. लई वाईट बोललो. माफ कर."

शेजारी बघतच राहिला. मग सावधपणे म्हणाला, "आबा, काम काय काढलंय?"

"काय न्हाय."

"बांधाचं काय हाय का?"

"न्हाय बाबा."

"मग मोजणी आणताय व्हय?"

त्यानं चहासुद्धा विचारला नाही. पुढं कितीतरी दिवस तो बांधावरून फिरत हद्दीचे दगड तपासत होता. मला राग आला. एवढा म्हातारा माणूस दारात येऊन वाकला, आणि हा दगड बघतोय! आबांना मी तसं म्हटलं.

"बघू दे की," ते म्हणाले. "इतकी वर्सं मीच त्याला तसं शिकिवलंय. माझीच खोड मोडंना, त्याची एका दिसात कशी मोडंल?"

ऊस तुटून गेला. दगड जागच्या जागीच राहिले. एका संध्याकाळी शेजारी पिशवीभर डाळिंबं घेऊन आला, ओट्यावर आबांशेजारी बसला, पावसापाण्याचं बोलला. जाताना मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "वहिनी, खरं सांगा. म्हाताऱ्याच्या मनात काय हाय?"

"काही नाही हो," मी म्हटलं. "तुमची माफी मागायची होती, तेवढंच."

त्यानं माझ्याकडं निरखून पाहिलं. तुमीबी त्यातल्याच, असं काहीतरी पुटपुटला आणि निघून गेला.