सुमनबाईंच्या बिनपाठीच्या खुर्च्या

सुमनबाई गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या दोन्ही पोटऱ्या खुर्चीवर होत्या आणि पाठ जमिनीवर. सकाळची वेळ, मागच्या खोलीत चटई घातलेली, डोळ्यांवर रुमाल. शवासनात फोन हाताशी ठेवायचा नाही हा त्यांचाच नियम आणि एरवी मी तो पाळते. पण आदल्या दिवशी त्यांच्या अंगात ताप होता, म्हणून त्या सकाळी मोडला होता. पलीकडून त्यांची मुलगी प्रज्ञा म्हणाली, "मॅडम, आई पहाटे गेली... झोपेतच." मी "बरं" म्हणाले. आणि सई, ईशान, तुमची आजी ताडकन उठलीही नाही. पाय खुर्चीवरून खाली घेतले, उजव्या कुशीवर वळले, थोडा वेळ तशीच पडून राहिले आणि मग हाताचा रेटा देऊन सावकाश उठून बसले. घराला आग लागली तरी आधी कुशीवर वळायचं, हा त्यांचा दुसरा नियम. त्या गेल्याची बातमीसुद्धा मी त्यांनी शिकवल्यासारखीच ऐकली.

त्याला आता काही आठवडे झाले. परवा तुम्ही दोघांनी फोनवर विचारलंत, सुमनआजीच्या स्मरणार्थ समाजमंदिराला आणखी खुर्च्या दिल्या आणि त्यांच्या पाठीवर तिचं नाव लिहिलं तर कसं? विचार चांगला आहे. मी "कळवते" म्हणाले, कारण एका वाक्यात उत्तर देता आलं नसतं. नाव आणि पाठ यांचा तंटा आमच्याकडे एकदा होऊन गेलेला आहे. तो तुम्हाला कुणी सांगितलेला नाही, आणि त्यात सुमनबाई अख्ख्या दिसतात, म्हणून इथे नीट क्रमाने लिहिते.

आम्ही दोघी भोकरदनच्याच. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवायच्या, मी हायस्कुलात इंग्रजी. नोकरी होती तोवर ओळख रस्त्यावरच्या नमस्कारापुरती. निवृत्तीनंतर गुडघ्यांच्या उपचारासाठी त्या काही महिने प्रज्ञाकडे संभाजीनगरला राहिल्या. तिथल्या एका योगवर्गात त्यांनी पाठ काढून टाकलेल्या घडीच्या खुर्च्या पाहिल्या आणि परत आल्या त्या एकच ध्यास घेऊन. आमच्या वयाच्या बायका जमिनीवर बसायचं सोडून देतात. खाली बसलं तर उठायचं कसं, ही धास्ती. सुमनबाई घरोघर जाऊन सांगत, "जमिनीपर्यंत जाता येईना म्हणून योग सोडायचा का? मंग जमीनच थोडी वर आणू की." खुर्ची म्हणजे वर आणलेली जमीन, ही त्यांची व्याख्या. इतकी नेमकी व्याख्या करता आली असती तर मीही ती वर्गात अभिमानाने फळ्यावर लिहिली असती.

पण कोणतीही खुर्ची चालत नाही, हे आम्ही अनुभवाने शिकलो. सुरुवातीला घरातली स्टुलं आणली; ती अरुंद, बूड टेकलं की कलंडायची. मग प्लॅस्टिकच्या खुर्च्या. आमच्यातल्या गयाबाईंनी त्यातल्या एकीवर हात टेकून कंबर मागे ढकलली, तर खुर्चीचे पाय फाकले आणि गयाबाई शहाबादी फरशीवरून थेट दारापर्यंत सरकत गेल्या. लागलं काही नाही. दारात बसूनच म्हणाल्या, "सुमे, हे आसन असंच असतंय का?" दुसऱ्या दिवशी सुमनबाई मला घेऊन जालन्याला निघाल्या. दुकानात गेल्यावर त्यांनी पिशवीतून लिंबू काढलं आणि घडीच्या एकेका खुर्चीवर ठेवून पाहू लागल्या. लिंबू मागे घरंगळलं की खुर्ची नापास. बैठक मागे उतरती असेल तर टेकून बसायला बरी वाटते, पण आसनात कंबर खचते. लिंबाला पास झालेल्या खुर्चीच्या बैठकीची मागची कड त्या दोन्ही हातांनी दाबायच्या. घडी मिटायला लागली की तीही नापास, कारण आपण बसणार उलट्या तोंडाने आणि भार पडणार त्याच कडेवर. दुकानदार बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, "मावशी, खुर्च्यांना नजर लागली का काय?"

"लागली तर माझीच लागल," सुमनबाई म्हणाल्या, "पण एक तरी बराबर खुर्ची दाखवा ना."

एकही निघाली नाही. भोकरदनला उतरल्यावर घरी न जाता समाजमंदिरात गेल्या, भिंतीला मिटवून ठेवलेल्या लोखंडी खुर्च्यांतली एक उघडली आणि लिंबू ठेवलं. हललं नाही. कड दाबली, खुर्ची ढिम्म. पायांना जाड रबरी बुचं, बैठक सपाट, नळी जाडजूड. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या खुर्च्या आपल्याच होत्या. तुमचे आजोबा, गावाचे 'सर', गेल्यावर मी आणि भास्कर आजोबांनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, त्या मुद्दाम मजबूत करवून घेऊन समाजमंदिराला दिल्या होत्या. आणि आपल्याकडे देतात तशाच दिल्या होत्या, प्रत्येक खुर्चीच्या पाठीच्या पत्र्यावर पांढऱ्या रंगात, वळणदार अक्षरांत लिहून, 'कै. केशवराव यांच्या स्मरणार्थ'.

वर्ग त्या खुर्च्यांवर सुरू झाला आणि वेगळीच अडचण उभी राहिली. शवासनात पोटऱ्या बैठकीवर टाकायच्या, तर एकही बाई पाय नीट टाकीना. टाकायच्या आधी खुर्चीला हात लावून तो कपाळाला लावायच्या, आणि मग टाचा अशा अधांतरी धरायच्या की पत्र्यावरच्या नावाला पाय लागू नये. विश्रांतीचं आसन, आणि सगळ्यांच्या मांड्या थरथरताहेत. सुमनबाई ओरडायच्या, "अगं सैल सोडा, सैल!" तर गयाबाई म्हणायच्या, "सरांना लाथ लागल ना!" दुसरी अडचण पत्र्याची. खुर्चीवर पाठीकडे तोंड करून बसायचं, पाय चौकटीतून पलीकडे काढायचे आणि बैठकीवर मागे रेलून छाती उघडायची, हा या खुर्चीचा खरा उपयोग. पत्रा असेल तर पाय काढणार कुठून?

एका संध्याकाळी सुमनबाई घरी आल्या. चहा झाल्यावर म्हणाल्या, "मॅडम, मी काय म्हणून राह्यले, तुम्हाला राग येईल. पण खुर्च्यांच्या पाठी काढाव्या लागतील."

"आणि नाव?"

"नाव पाठीवरच आहे ना..."

मी नाही म्हणाले. भास्कर आजोबांना कळलं तेव्हा ते घनसावंगीहून मोटारसायकलवर आले आणि दारातूनच म्हणाले, "वैनी, दादाचं नाव कापून काढायचं? न्हाई म्हंजे न्हाई. बिलकुल न्हाई." मला त्यांचं पटत होतं. माणूस जातो तेव्हा त्याचं घरातलं सगळं हळूहळू कमी होत जातं. चप्पल, औषधं, चष्मा. गावात चारचौघांच्या नजरेस पडेल असं तेवढं एकच उरलं होतं. ते मीच काढायला सांगायचं?

सुमनबाईंनी विषय पुन्हा काढला नाही. त्यांच्याकडे घरची एक जुनी घडीची खुर्ची होती, तिचा पत्रा त्यांनी वेल्डिंगवाल्याकडून काढून घेतला आणि ती एकच खुर्ची पाळीपाळीने वापरायला ठेवली. माझी पाळी आली तेव्हा पुढच्या कडेवर घडी घातलेली गोधडी ठेवली. तुम्ही मला तेव्हाच्या फोटोंत पाहिलं आहे. आजोबा गेल्यापासून मी पुढे वाकून चालायला लागले होते. दोरीवर कपडे टाकायला वर पाहिलं तरी मान धरायची. डॉक्टर म्हणाले, वय. मी पाय चौकटीतून पलीकडे काढले, दोन्ही बाजूंच्या नळ्या धरल्या, आणि सुमनबाईंनी माझ्या पाठीमागे हात ठेवून मला इंचाइंचाने मागे रेलू दिलं. "मी धरलंय. सोडा. सरांच्या वेळेपासून धरून ठेवलंय, सोडा आता." बैठकीची पुढची कड बरोबर खांद्यांच्या फऱ्यांखाली लागली, छाती वर आली, आणि समाजमंदिराचं छत मला पहिल्यांदा पूर्ण दिसलं. पंख्यावर चिमणीचं जुनं घरटं होतं. मी कितीतरी वेळ ते घरटं पाहत राहिले, आणि श्वास पोटापर्यंत जात राहिला.

घरी येऊन भास्कर आजोबांना फोन केला. म्हटलं, "भाऊजी, पत्रे काढायला सांगते आहे. खुर्च्या दिल्या त्या लोकांनी बसावं म्हणून. बायका नावापायी पाय टाकीनात, तर यांना ते आवडलं असतं का?" ते म्हणाले, "पत्रे भंगारात देऊ नका. मी घेऊन जातो." नेले, आणि शेतातल्या पंपघराच्या दारावर एकाखाली एक ठोकले. आता पाऊस-वारा दादाच्याच नावावर आदळतो आणि मोटार कोरडी राहते. तेही समाधानात आहेत.

यानंतर जे घडलं त्याची कल्पना आम्हा कुणालाच नव्हती. पत्रे गेले, आणि बायकांनी त्या खुर्च्यांना केशवराव म्हणायला सुरुवात केली. जागा ओळखायला म्हणून असेल, सवयीने असेल. "एक केशवराव इकडं सरकवा." "माझा केशवराव डुगडुगून राह्यला, बूच बघा त्याचं." "आज केशवराव कमी पडले." मी ऐकायची आणि पदराआड हसायची. स्वतः मात्र "ती खुर्ची" असंच म्हणायची. तुम्हाला हे विचित्र वाटेल, पण इंग्रजीची पदवी घेतलेल्या तुमच्या आजीने लग्नानंतर कधीही नवऱ्याचं नाव उच्चारलं नव्हतं. वर्गात केशव नावाचा मुलगा होता, त्यालाही मी आडनावाने हाक मारायची. कुणी सक्ती केली नव्हती. तोंडातून निघत नसे, इतकंच.

एके दिवशी पोचायला उशीर झाला. सगळ्या आधीच आडव्या झालेल्या. घाईघाईत मी दारातून म्हणाले, "अहो, एक केशवराव द्या ना इकडं." कुणी मान उचलली, कुणी पाय खाली घेतले. आणि पुढून सुमनबाईंचा आवाज आला, "मॅडमनी नाव घेतलं बायांनो, तेही उखाण्याशिवाय. कुशीवर वळा आणि टाळ्या वाजवा." सगळ्याजणी आधी शिस्तीत उजव्या कुशीवर वळल्या आणि मग टाळ्या वाजल्या. त्या दिवसापासून मी ते नाव रोज सकाळी घेते. आमच्या संसारात घेतलं नाही इतकं या वर्गात घेऊन झालं आहे.

सुमनबाईंमागचा जलदान विधी झाल्यानंतर वर्ग पुन्हा भरला. प्रज्ञाने आईची ती पहिली बिनपाठीची खुर्ची वर्गालाच दिली. ती पुढे, त्यांच्या जागी, उघडून ठेवलेली होती आणि तिच्याकडे कुणी जाईना. गयाबाई उशिरा आल्या. सगळे केशवराव घेतलेले. त्या तिथेच उभ्या राहिल्या, खुर्चीकडे बघत. मग पुढे गेल्या, बैठकीची कड दोन्ही हातांनी दाबून पाहिली, आणि म्हणाल्या, "या सुमनबाई, इकडं माझ्या चटईवर. उगं पुढं एकट्या काय बसता?" खुर्ची उचलून नेली, आडव्या झाल्या, आणि दोन्ही पोटऱ्या नीट, सैल, तिच्यावर टाकल्या. टाच अधांतरी नव्हती.

तर हे माझं उत्तर. खुर्च्या जरूर द्या. पाठ काढूनच घेऊ. कुठेही काही लिहायचं नाही. नाव बायका ठेवतील, ठेवलंच आहे. फक्त खुर्च्या इंटरनेटवरून मागवू नका. उद्या सकाळच्या बसने मी जालन्याला जाऊन त्या स्वतः निवडणार आहे; या वेळीही एकही पास झाली नाही, तर पहिल्यासारख्या करवून घेऊ. दुकानदाराने पुन्हा नजरेचं विचारलं तर काय सांगायचं ते मला ठाऊक आहे.

पिशवी दाराशी अडकवून ठेवली आहे. लिंबू टाकलं आहे तिच्यात.