नोटीस बोर्डावरचा दादा

मी केलेली एकुलती एक फिल्म साडेअकरा मिनिटांची आहे. तिच्यात संवाद नाहीत, कथा नाही, आणि ज्या चौघांनी ती पाहिली त्यांच्या मते अर्थही नाही. विषय होता मानसिक आजार. तो निवडायला फार लांब जावं लागलं नाही, कारण तो घरातच होता. माझा थोरला भाऊ सात वर्षं गोळ्या घेतोय. त्याला कोणी नसताना आवाज ऐकू यायचे. गोळ्यांनी ते थांबले, पण तोवर त्याची महाप्यातली नोकरी गेली होती. आता तो नेरूळच्या आमच्या फ्लॅटमध्ये, हॉलमध्येच, संध्याकाळी सहा ते आठ दहावीच्या मुलांना गणित शिकवतो. बिल्डिंगमधलीच नऊ मुलं. आजाराचं त्यांच्या घरी कोणाला ठाऊक नव्हतं. नोकरी पाठदुखीमुळे सुटली असं आईने सगळ्या मजल्यांवर सांगून ठेवलं होतं, आणि लिफ्टमध्ये कोणी भेटलं की दादाही आठवणीने कमरेवर हात ठेवायचा.

मी ऐरोलीला एका कंपनीच्या बॅक ऑफिसात बसतो. दोन शनिवार-रविवार फिल्म बनवण्याच्या कार्यशाळेला गेलो आणि परत आलो तो दिग्दर्शक होऊनच. प्रायोगिक म्हणजे बघणाऱ्याला न कळणारं, एवढं मला तिथे नीट कळलं होतं. हिरो म्हणून ऑफिसातला एक सहकारी घेतला. त्याला दाढी होती आणि बराच वेळ खाली बघता यायचं, एवढीच त्याची पात्रता. मनाची घुसमट दाखवायला मला बाथटब हवा होता. आमच्याकडे पाणी साठवायचं निळं पिंप आहे. त्यात त्याला बसवला. शॉट झकास आला, पण हिरो बाहेर येईना. गुडघे अडकले होते. शेवटी पिंप आडवं करून मी आणि आईने त्याला ओढून काढला. स्टँडवरचा फोन चालूच होता. ते मी पुनर्जन्म म्हणून फिल्मच्या शेवटी लावलं.

दादा सोफ्यावर बसून हे सगळं बघत होता. फिल्म आजच्या जगण्याबद्दल आहे, असं मी त्याला सांगितलं होतं.

गच्ची आणि जिन्यातल्या शूटिंगला सोसायटीची परवानगी लागणार होती. आमचे सेक्रेटरी काका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेत. म्हणाले, "लेखी द्या. विषय काय, उद्देश काय, सगळं." मी दोन पानं टाइप केली. पहिल्या पानावर अर्ज. दुसऱ्यावर फिल्मची संकल्पना, कार्यशाळेत शिकवलं होतं तशी, मनापासून. 'या कलाकृतीची प्रेरणा म्हणजे माझा थोरला भाऊ, एका भग्न मनाचा प्रवासी, जो सात वर्षे मानसिक आजाराची औषधे घेत आहे.' काकांनी दोन्ही पानांवर शिक्का मारला.

काकांचा नियम असा, की सोसायटीकडे आलेला प्रत्येक अर्ज हरकतींसाठी सात दिवस नोटीस बोर्डावर लागतो. ग्रिल बसवायची असो की कुत्रा पाळायचा असो. हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. मागे एकांचा कमोड बदलण्याचा अर्ज मी लिफ्टची वाट बघत चवीने वाचला होता.

सोमवारी अर्ज टाकी धुण्याच्या नोटिशीशेजारी लागला. कोणीतरी फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. मंगळवारी एका मुलाला सर्दी झाली. त्यानंतर आणखी दोघांना. गुरुवारपर्यंत पाच जणांना सर्दी, आणि हॉलमध्ये चारच मुलं.

त्या दिवशी दादा दूध आणायला खाली गेला होता. वर आला, पिशवी ओट्यावर ठेवली आणि मोबाइल माझ्यापुढे धरला.

"दुसऱ्या पानावरचं मराठी कोणाचं?"

"माझं."

"भग्न मनाचा प्रवासी म्हणजे मी का?"

"हो. म्हणजे तसं…"

"प्रवासी कुठला रे. सात वर्षांत मी पनवेलच्या पुढे गेलो नाही."

मग तो खुर्चीत बसला. "प्रिलिम पंधरा दिवसांवर आलीय. नोकरी गेली तेव्हा मला काही वाटलं नव्हतं, तेव्हा काही वाटतच नव्हतं. ही पोरं गेली तर मात्र वाटेल."

मी तसाच काकांकडे धावलो.

"काढता नाही येणार," काका म्हणाले. "सात दिवस भरायला पाहिजेत. पाहिजे तर अर्ज मागे घेतल्याचा अर्ज द्या."

"तोही बोर्डावर लागेल?"

"लागणारच की. कारणासकट."

वर येऊन मी दादाला माझी युक्ती सांगितली. पाचही घरी जातो, हे सगळं काल्पनिक आहे, फिल्मसाठी रचलंय, असं सांगतो.

"परत खोटं?" तो म्हणाला. "आईची पाठदुखी झाली, तुझं आजचं जगणं झालं. आता मीच जातो. तू चल बरोबर, कारण उद्योग तुझा आहे. पण तोंड उघडायचं नाही."

पहिल्या दारात मुलाचे वडील होते. "तसं काय नाय सर. त्याला खरंच सर्दी झालीय."

"बरी झाली की पाठवा," दादा म्हणाला. "पण त्या कागदातलं खरं आहे. मी गोळ्या घेतो, आणि चुकवत नाही. क्लासच्या वेळी हॉलचं दार उघडं ठेवीन. कधीही येऊन बसा."

दुसऱ्या, तिसऱ्या दारातही त्याने हेच सांगितलं, त्याच क्रमाने, प्रमेय सिद्ध केल्यासारखं. चौथ्या दारातल्या ताई साताऱ्याकडच्या, आमच्याच बाजूच्या, त्यामुळे सरळ विचारत्या झाल्या. "मारत-बिरत नाय ना तुमी?"

"पोरं सूत्र विसरली की मारावंसं वाटतं. पण ते सगळ्याच मास्तरांना वाटतं, ताई."

त्या हसल्या नाहीत, पण सेफ्टी डोअर उघडलं. पाचवं उघडलंच नाही. जाळीपलीकडून वहिनी नुसतं बरं, बरं म्हणत राहिल्या. मला राहवेना. "वहिनी, माझ्या फिल्मचा मूळ हेतू जनजागृतीच…" एवढंच म्हणालो आणि दादाने माझ्या पायावर पाय दिला.

दुसऱ्या दिवशी सहा वाजता सात मुलं आली. आठव्या साताऱ्याच्या ताई, मुलीबरोबर, मेथीची जुडी घेऊन. सोफ्यावर बसून पानं खुडत होत्या आणि एक डोळा दादावर होता. उघड्या दारातून जिन्यातला उजेड फळ्यावर पडला होता. चांगली फ्रेम कशी असते ते मला तेव्हा कळलं, आणि हात आपोआप फोनकडे गेला.

"फोन खिशात," फळ्यावरून मान न वळवता दादा म्हणाला. "आणि बाहेर जा. वर्ग चालू आहे."

मी बाहेर गेलो.

ताई तीन दिवस आल्या, चौथ्या दिवशी मुलगी एकटीच आली. उरलेली दोन मुलं मात्र आली नाहीत. प्रिलिमच्या आधीच्या रविवारी दादाने सरावाचे प्रश्न दोन पाकिटांत घातले, वर मुलांची नावं लिहिली आणि पाकिटं माझ्या हातात दिली.

"दाराखालून सरकवून ये," तो म्हणाला. "बेल वाजवू नकोस. आणि आत तुझं काही लिहून घालू नकोस."