सेटल झाला का?

डोंबिवलीतल्या त्या सोसायटीत मुलगा पदवीधर झाला की बायका त्याच्या आईला विचारत, "सेटल झाला का?" नोकरी लागली की हा शब्द पुढे सरकून फ्लॅटवर जाऊन बसे, फ्लॅट झाला की लग्नावर. मालनताई इंग्रजी घेऊन बी.ए. झालेल्या, पण या शब्दाचा इथला अर्थ त्यांना शेजारच्या शेवंतीमुळे कळला. शेवंतीचा जयेश दर वेळी शब्दाच्या आधीच तिथे पोचलेला असे. मालनताईंचा साकेत मात्र खडवलीला भाड्याच्या जागेत रोपवाटिका चालवायचा. रोपं जोमात होती, धंदा रखडत होता.

चैत्राच्या हळदीकुंकवाला शेवंती पन्हं देताना म्हणाली, "जयेशने ठाण्याला नौपाड्यात फ्लॅट घेतला. आता खरा सेटल झाला."

मालनताईंनी आंब्याची डाळ पुढे ओढली. तेवढ्यात कुणीतरी विचारलंच, "आणि तुमचा साकेत?"

"तोही झाला की सेटल."

शेवंतीचा चेहरा क्षणभर उतरला. ओटी घेऊन घरी येईपर्यंत मालनताईंना तो चेहरा पुरला.

दुसऱ्या दिवशी शेवंती दारात हजर. "माझ्या भाचीसाठी, उर्वीसाठी, साकेतची पत्रिका दे. तिच्या घरच्यांना सेटल मुलगाच हवाय, आणि तू काल म्हणालीसच."

उर्वी फार दिवसांपासून मालनताईंच्या मनात भरलेली. त्यांनी साकेतला फोन लावला. "विचारलं तर कंपनी आहे म्हण."

"आई, ती बघायला आली की कंपनी कुठे दाखवू? मोगऱ्याच्या मागे?"

संध्याकाळी मालनताई पत्रिका न घेताच शेवंतीकडे गेल्या. "काल मी उगाच बोलले गं. त्याचं अजून बस्तान बसलेलं नाही. कधीकधी जागेचं भाडंही आम्हीच भरतो."

शेवंतीने त्यांचा हात हातात घेतला. "होईल गं तोही सेटल. उर्वीचं आम्ही दुसरीकडे बघू, तू मनाला लावून घेऊ नकोस."

जयेशचा फ्लॅट एक वेळ परवडला, पण हा धीर देणारा आवाज मालनताईंना सोसवेना. असा आवाज आपल्याला कधी काढता येईल, असं त्यांच्या मनात आलं.

"वास्तुशांतीला या हं," शेवंती दारापर्यंत येत म्हणाली. "आणि साकेतला सांग, बाल्कनीत लावायला रोपं लागणारच आहेत."

मालनताईंनी चपला पायात सरकवल्या. "किती हवीत?" त्यांनी विचारलं.